गाडीवरचा ओरखडा आणि घरची शेड



स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, बचत अशा विषयांवर लेख येतात. मोटारीच्या रंगावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही लिहायला बसताना तसेच वाटले होते. पण आपल्या सभासदांच्या घरांकडे पाहिले तर या विषयाची गरज पटते. एके काळी आपल्या दारात सायकल असणे ही मोठी गोष्ट होती. १९७२ नंतर लुना आली. ती आणणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आपल्याच नगर-दौंड रस्त्यावर, त्यामुळे तिचे आपल्याला विशेष कौतुक. आज आपल्यातल्या बऱ्याच घरांपुढे चारचाकी उभी दिसते. ती बहुधा जुन्या बाजारातून घेतलेली असते आणि बहुधा कर्जाची असते. कोणी तिच्यावर शिर्डीचे, शिंगणापूरचे प्रवासी नेऊन पोट भरतो, तर कोणी आजारी आईवडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी ती घेतलेली असते. अशा गाडीवर ओरखडा उठला की माणूस हळहळतो. त्या हळहळीत तो चुकीचा उपाय करतो, चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो आणि कधी चुकीच्या माणसावर रागावतो. या तिन्ही चुका आम्ही केल्या आहेत, म्हणून हा लेख.

आमच्या घरी काय घडले

आम्ही दोघे भाऊ केडगावात एकत्र राहतो. दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली. घराच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे गाडी लावू लागलो. त्याच शेडमध्ये शिडी, कांद्याच्या गोण्या, पाण्याचा पाइप आणि मुलांच्या सायकली. गाडी येऊन पंधरवडा झाला असेल. घरातला सातवीतला मुलगा शिकवणीहून आला, त्याने सायकल भिंतीला टेकवली, ती घसरली आणि ब्रेकचा दांडा गाडीच्या मागच्या दारावरून खाली गेला. चार बोटे लांबीचा ओरखडा. आम्ही त्या मुलाला शेजारच्यांसमोर नको तितके बोललो. एक हातही उगारला गेला. त्यानंतर तो शेडमध्ये पाऊल टाकीनासा झाला.

ओरखडा घालवायचा म्हणून आम्ही भांडी घासायची पावडर ओल्या कापडावर घेऊन दार घासले. ओरखडा होता तसाच राहिला आणि त्याच्याभोवती हातभर जागा धुरकट झाली. एका दुकानात दाखवले, तर संपूर्ण दार रंगवावे लागेल आणि रंग जुळण्यासाठी शेजारचे दारही, असे सांगण्यात आले. आकडा ऐकून आम्ही परतलो. शेवटी ओळखीचे एक जुने पेंटर संध्याकाळी घरी आले. त्यांनी तांब्याभर पाणी मागितले आणि दारावर ओतले. धुरकटपणा दिसेनासा झाला, ओरखड्याचाही बराचसा भाग दिसेनासा झाला. उरली ती एक इंचभर रेघ. मग त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून ती बॉनेटजवळ धरली. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो बारीक गोल रेघा चमकल्या.

"गाडी रोज कशाने पुसता?" त्यांनी विचारले.

"कोरड्या फडक्याने. धूळ फार बसते."

"भाऊ, पोराचा ओरखडा एक. बाकीचे तुमचे."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी जे समजावले आणि पुढे आम्ही वाचून, विचारून व करून जे शिकलो, ते येथे क्रमाने देत आहोत.

रंग म्हणजे किती जाड?

विद्यार्थ्यांनी आपल्या वहीचा एक कागद हातात घ्यावा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन जाड असतो. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात चढवलेले सगळे थर एकत्र केले तरी त्यांची जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. लाखो रुपयांची गाडी आपण पाहतो, ती एका कागदाएवढ्या आवरणातून.

हे आवरण एकजीव नसते. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची अतिशय पातळ प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर सुमारे २० मायक्रॉनचा थर बसवतात. गंजापासून खरे रक्षण हा थर करतो. त्यावर सरफेसर येतो, तो पृष्ठभाग सपाट करतो. त्यावर सुमारे १५ ते २० मायक्रॉनचा रंग असतो, ज्याला आपण लाल, पांढरा, चंदेरी म्हणतो. सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट किंवा नुसते लॅकर म्हणतात. चकाकी या थराची असते आणि ऊन, धूळ, पाऊस हे सर्व हाच थर सोसतो.

जुन्या अॅम्बॅसडर व फियाट गाड्यांना असा वेगळा पारदर्शक थर नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात असत. म्हणून ती गाडी घासली की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. आपल्याकडे अजूनही काही पेंटर फवाऱ्याच्या रंगाला "ड्युको" म्हणतात, त्यामागेही इतिहास आहे. ड्युको हे अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या लॅकरचे नाव. १९२३-२४ च्या सुमारास जनरल मोटर्सने ते मोटारींवर वापरायला सुरुवात केली. त्यापूर्वी वॉर्निशचे थर हाताने देऊन ते वाळण्यात कित्येक दिवस, कधी आठवडे जात. ड्युकोमुळे ते काम फार थोड्या वेळात होऊ लागले. कंपनीचे नाव लोक विसरले, पण शब्द गल्लीतल्या दुकानापर्यंत टिकला.

यातून लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. वरचा पारदर्शक थर अर्ध्या कागदापेक्षाही पातळ आहे आणि तो पुन्हा उगवत नाही. आपण रबिंग कंपाऊंडने घासतो तेव्हा ओरखडा "भरत" नाही. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून आपण त्याची धार कमी करतो. प्रत्येक घासणीत थोडा थर कायमचा जातो. दर सणाला गाडी "पॉलिश मारून" आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आधी ओळख, मग उपाय

ओरखड्याची खोली ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. जागा आधी स्वच्छ धुऊन घ्यावी.

पहिली पाण्याची. ओरखड्यावर पाणी ओतावे. ओले असताना तो दिसेनासा झाला, तर तो फक्त पारदर्शक थरात आहे. दुसरी नखाची. नख आडवे धरून ओरखड्यावरून हलकेच न्यावे. नख न अडकता गेले, तर जखम वरवरची आहे. नख अडकले, तर ती बहुधा रंगापर्यंत किंवा त्याखाली गेली आहे. आत पांढरट वा करडा रंग दिसला तर तो प्रायमर समजावा. चकाकता धातू किंवा तांबूस डाग दिसला तर पत्रा उघडा पडला आहे आणि आता वेळ दवडू नये.

पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो ओरखडाच नसतो. भिंतीला, खांबाला किंवा दुसऱ्या गाडीला घासल्यावर तिचा रंग आपल्या गाडीवर चढतो. तो बोटाला उंचवटा लागतो, खड्डा नव्हे. मऊ कापडावर थोडे कंपाऊंड घेऊन हलक्या हाताने पुसल्यास तो निघतो. अशा डागासाठी दार रंगवून घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

वरवरचा ओरखडा

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. एप्रिल-मे महिन्यांत नगरचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि उन्हातल्या बॉनेटवर हात ठेववत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर कोणतेही काम करू नये. सकाळची वेळ उत्तम.

मायक्रोफायबर कापडावर बारीक कंपाऊंडचा मटारएवढा ठिपका घ्यावा. ओरखड्याच्या आसपास वीतभर जागेत, मध्यम दाबाने, सात-आठ वेळा फिरवावे. पुसून पाहावे. फरक पडला असेल तर आणखी एकदा. ओरखडा पूर्ण जाईपर्यंत घासण्याचा हट्ट धरू नये. दोन हात अंतरावरून दिसेनासा झाला की थांबावे. दाराच्या कडा आणि पत्र्याच्या उंच रेषा यांवर थर मुळात पातळ असतो, तेथे विशेष जपावे. शेवटी मेणाचे पॉलिश लावावे.

भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, राखुंडी, काथ्या, तारेची घासणी यांपैकी काहीही वापरू नये. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात म्हणून कधी फरक दिसतो खरा, पण ते कण दातांसाठी ठरवलेले आहेत, गाडीसाठी नाहीत. आमची पावडर तर पितळेसाठी होती. त्या पेंटरांनी धुरकट जागा बारीक कंपाऊंडने तासाभरात उजळून दिली, तरी तेवढ्या जागेतला थर आम्ही कायमचा पातळ करून ठेवला आहे.

पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाखाली शिरतो, फुगतो आणि चांगला रंगही आतून उचलतो. दाराच्या खालच्या कडेला दिसणारे फोड हे असेच आलेले असतात. आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. कोकणातल्या दमट हवेत जी गाडी लवकर गंजेल ती इथे काही काळ टिकेल. पण म्हणून निर्धास्त राहू नये. दसऱ्याला पडलेला ओरखडा पुढच्या आषाढापर्यंत तसाच ठेवला, तर पावसाळा त्याचे काम करतोच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली नगरमध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तोफगोळा झेलण्यासाठी बनवलेल्या जाड पोलादालाही पावसापासून वाचायला रंगच लागतो. मग आपल्या पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याची काय कथा?

इंच-दीड इंचाच्या खोल ओरखड्यावर घरी पुढीलप्रमाणे काम करता येते.

१) जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी.

२) गंज असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून फक्त ओरखड्याच्या आत घासावे. चकाकता धातू दिसला पाहिजे. गंजावर रंग लावणे म्हणजे घाणीवर चादर टाकणे.

३) मेडिकल दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन जागा पुसावी, म्हणजे तेल व मेण निघेल. थिनर ओतू नये. पूर्वी दुरुस्त केलेला रंग त्याने विरघळू शकतो.

४) उघड्या धातूवर काडीच्या टोकाने प्रायमर लावावा. तो ओरखड्याच्या बाहेर येऊ देऊ नये.

५) वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड थेंब सोडला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि नंतर बसतो. दोन हातांमध्ये बाटलीवर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा.

६) शेवटी पारदर्शक लॅकर, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईल असे.

७) आठवडाभर हात लावू नये. मग २००० ते ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, छोट्या सपाट ठोकळ्याभोवती गुंडाळून, फक्त तो उंचवटा सपाट करावा आणि बारीक कंपाऊंडने उजळावे. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी ही सातवी पायरी सोडून दिली तरी चालेल. दिसायला थोडे कमी, पण रक्षण पूर्ण.

८) नव्या रंगावर महिनाभर मेण लावू नये. आतला द्रव उडून जायला तेवढा वेळ लागतो.

रंग घेताना "पांढरा द्या" असे म्हणून चालत नाही. प्रत्येक रंगाला कंपनीचा संकेतांक असतो. तो दाराच्या खांबावर किंवा इंजिनच्या खणातल्या पट्टीवर लिहिलेला सापडतो. त्याप्रमाणे रंग घ्यावा. तरीही तो तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये, कारण आपल्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. टचअपचा पहिला हेतू गंज थांबवणे हा आहे, नवी गाडी करणे हा नव्हे.

प्लास्टिकच्या बंपरला गंज चढत नाही. तेथे घाई नसते. मात्र त्याला प्लास्टिकवर धरणारा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग सालपटासारखा सुटतो. मोठा पोचा, हातभर लांब खोल ओरखडा किंवा लांबी भरावी लागेल असा खड्डा असेल, तर काम जाणत्या पेंटरकडेच द्यावे. पण जाताना स्वतः दोन्ही परीक्षा करून जावे. "हा ओरखडा लॅकरपुरताच आहे, कंपाऊंडने जाईल का?" असे विचारणाऱ्या ग्राहकाला सहसा संपूर्ण दाराचा हिशोब सांगितला जात नाही.

विमा आणि नोंदणी

किरकोळ ओरखड्यासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशोब मांडावा. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ही सूट जाते. शिवाय खासगी मोटारीच्या प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपल्यालाच सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी ती १,००० रुपये आहे. ओरखड्याचा खर्च आणि गमावलेली सूट यांची तुलना करून मगच अर्ज भरावा.

त्याच रंगाने दुरुस्ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल, तर आरटीओत नोंदणी पुस्तकात तसा बदल करून घेणे आवश्यक आहे. आपल्या जिल्ह्यात एमएच १६ च्या गाड्यांसाठी नगरला आणि एमएच १७ साठी श्रीरामपूरला जावे लागते.

शेडमध्ये काय करावे

"गॅरेज" म्हटले की आपल्याकडे दुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे येते. घरी आपल्याकडे असते ती शेड, पोर्च किंवा जिन्याखालची जागा. आणि तीत गाडीच्या आधीपासून राहणाऱ्या पन्नास वस्तू. गाडी शेवटी आली, म्हणून जागा तिने करून घ्यावी असे आपण गृहीत धरतो. खरे तर जागा आपण करून द्यायला हवी.

प्रथम माप घ्यावे. शेड १० फूट रुंद असेल तर ती सुमारे ३.०५ मीटर झाली. गाडी १.७ मीटर रुंद धरली तर उरतात १.३५ मीटर, म्हणजे साडेचार फूट. गाडी मधोमध लावली तर दोन्हीकडे सव्वादोन फूट, आणि दोन्हीकडची दारे भिंतीला लागणार. त्याऐवजी चालकाच्या बाजूला तीन फूट व दुसऱ्या बाजूला दीड फूट ठेवावे आणि इतरांनी गाडी आत घेण्यापूर्वी बाहेरच उतरावे. एवढा नियम पाळला तर दाराच्या कडा वाचतात.

पुढे किती जायचे हे कळण्यासाठी छताला दोरीने चेंडू टांगावा. तो समोरच्या काचेला टेकला की थांबायचे. चाकापुढे जमिनीवर लाकडाचा किंवा सिमेंटचा बसका अडथळा करावा. दार जिथे भिंतीला लागते तेथे फोमची पट्टी चिकटवावी. फ्रिज वा टीव्हीच्या खोक्यातला फोम याला पुरतो.

सायकलींना भिंतीत आकडा किंवा खाली स्टँड द्यावा. टेकवलेली सायकल आज ना उद्या पडतेच, मग ती कोणीही टेकवलेली असो. शिडी, फावडे, पाइप गाडीच्या मागच्या भिंतीला, दोरीने बांधून ठेवावेत. फाटकाला दोन्ही बाजूंनी कडी हवी. वळवाच्या आधी सुटणारा वारा उघडे फाटक थेट गाडीवर आणून आपटतो.

स्लॅबच्या छतातून ठिबकणारे पाणी चुना घेऊन येते आणि रंगावर पांढरे ओघळ सोडते. ते नखाने खरवडू नयेत. पांढरे व्हिनेगर व पाणी सारखे घेऊन कापडाने हलके पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा उन्हात काही तासांतच लॅकर खाते, म्हणून संध्याकाळची वाट न पाहता ओल्या कापडाने भिजवून काढावी.

गाडीवर झाकण घालायचे असेल तर गाडी धुतलेली असावी आणि झाकण घट्ट बांधलेले असावे. धुळकट गाडीवर वाऱ्याने फडफडणारे झाकण म्हणजे दिवसभर चाललेला पॉलिश पेपर. प्लास्टिकचा कागद तर मुळीच नको, तो ओल आत कोंडतो. पावसातून आलेली गाडी बंद शेडमध्ये लावताना जाळीतून हवा खेळती राहील असे पाहावे. येथेच एक जिवाची सूचना. दार किंवा शटर बंद असताना आत इंजिन चालू ठेवू नये, क्षणभरही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो माणूस मारतो.

रोजची धूळ

आता आमच्या मुख्य चुकीकडे येतो. नगरची धूळ म्हणजे बारीक दगडाचे कण. कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडणीने आपण ते कण लॅकरवर फिरवतो. त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा अशाच येतात.

धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्यावी. पाण्याची टंचाई असलेल्या गावी हे सांगणे सोपे आहे, करणे कठीण, हे आम्ही जाणतो. पण त्यासाठी पाइप लागत नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत नुसते पाणी. कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. टपापासून सुरुवात करून खाली यावे, चाके शेवटी, वेगळ्या कापडाने. आपले बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, ते गाडीवर वाळू दिले तर पांढरे ठिपके राहतात. म्हणून धुतल्याबरोबर मऊ कापडाने टिपून घ्यावे. आठवड्यातून एकदा असे धुवावे आणि मधल्या दिवसांत फक्त काचा पुसाव्यात. गाडी धुळकट दिसली तर दिसू द्यावी. धूळ नुसती बसल्याने ओरखडा पडत नाही, ती घासल्याने पडतो.

रस्त्यावरचे दोन शत्रूही सांगतो. गाळपाच्या हंगामात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे या बाजूला उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या कडेने बाहेर आलेल्या कांड्या गाडी घासून जातात, तेव्हा ओलांडताना भरपूर अंतर ठेवावे. आणि शेतरस्त्याला दोन्ही बाजूंनी वाढलेली वेडी बाभूळ. समोरून वाहन आले म्हणून गाडी झुडपात घालण्यापेक्षा चार पावले मागे घेणे बरे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

हे काम हातात कला असलेल्या मुला-मुलींसाठी चांगला धंदा आहे. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंग व ऑटो बॉडी रिपेअर असे एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात. आपल्या जवळच्या संस्थेत ते आहेत का, याची चौकशी करावी. आपल्या नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिच्या परिसराचे नावच वाहननगर. वाहनाशी संबंधित ज्ञानाला आपल्या गावात तोटा नाही.

मात्र एक गोष्ट कोणत्याही पगारापेक्षा मोठी आहे. आजचे दोन भागांचे रंग, म्हणजे ज्यांत वेगळा हार्डनर मिसळतात ते, फवारताना आयसोसायनेट नावाची रसायने हवेत जातात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिथरले की पुढे थोडासा संपर्कही सहन होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे साधन, फवाऱ्याची बंद खोली आणि हातमोजे या मालकाने देण्याच्या गोष्टी आहेत. त्या मागण्यात कमीपणा नाही. जुना रंग घासताना पाण्याने ओला ठेवून घासावा, म्हणजे धूळ फुफ्फुसात जात नाही. जुन्या रंगांत शिसेही असू शकते. आणि हार्डनरचा फवारा घरच्या शेडमध्ये कोणी मारू नये. घरी काडीच्या टोकाने होईल तेवढेच काम घरचे.

आमच्या घरी आलेल्या त्या पेंटरांना चार जिने चढले की बसावे लागते. तीस वर्षे त्यांनी रुमाल बांधून काम केले. आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

दुसऱ्या रविवारी आम्ही शेड रिकामी केली. मुलाला बोलावले आणि झाल्या गोष्टीबद्दल त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने फूटपट्टी आणि खडू घेऊन आला. शेडचे माप त्यानेच काढले, चाकांच्या रेघा त्यानेच जमिनीवर आखल्या आणि आम्ही त्यांवर पांढरा रंग मारला. सायकलीसाठी भिंतीत आकडा कुठे ठोकायचा हेही त्यानेच ठरवले. मागच्या दारावर ती इंचभर रेघ अजून आहे, जवळून पाहिले तर टचअपचा रंग किंचित गडद दिसतो. आम्ही ती तशीच ठेवली आहे.